गेजबहाद्दर

सुकेशनी देवकतेनं माझं काही वाकडं केलेलं नाही. तरी तिची आठवण निघाली की माझं डोकं फिरतं. राग तिचा नाही. ऋतुराजचा येतो, मोठ्या साहेबांचा येतो, आणि सगळ्यात जास्त ज्याचा येतो त्याचं नाव सगळ्यात खाली येईल.

मी मोतीराम. मूळचा सिल्लोडकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, आयटीआय झालेला. वाळूजच्या एका कारखान्यात टूल रूमला तेहतीस वर्षं काढली. कारखान्याचं नाव लिहीत नाही, त्याची जाहिरात माझ्या हातून व्हायला नको. तिथं दुचाकीच्या इंजिनात बसणारे बुश बनतात. बुश म्हणजे अंगठीसारखाच, पण जाड पोलादी तुकडा. त्याच्या भोकाचं माप केसभरही चुकून चालत नाही. ते तपासायला हातात मावेल असा दोन टोकांचा एक दांडा असतो, त्याला गेज म्हणतात. एक टोक हिरवं, त्याचं नाव गो. ते भोकात गेलं पाहिजे. दुसरं टोक लाल, त्याचं नाव नो-गो. ते अडलं पाहिजे. हिरवं गेलं आणि लाल अडलं की माल पास. यात न कळण्यासारखं काही नाही.

सुकेशनी ठेकेदाराच्या गाडीतून पहिल्यांदा आली तेव्हा तिला तपासणीच्या टेबलावर बसवायचं ठरलं आणि शिकवायला माझ्या हवाली केली. तिचा बाप भिकन, मेंढ्या घेऊन लासूर स्टेशनपासून गोदाकाठापर्यंत फिरणारा माणूस. पोरीची दहावीपर्यंतची शाळा चार गावांत झालेली. मी तिच्या हातात गेज दिलं, गो-नोगो समजावायला तोंड उघडलं, तर तिनं दोन्ही टोकं बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "कळलं काका. आमच्या वाघरीला जाळी कुठं फाटली तं असंच व्हतंय. कोकरू निघून जातंय, मेंढी अडकून बसतीय."

वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी. मी इंजिनियर झालेल्या पोरांना हे गो-नोगो दोन-दोन दिवस शिकवलेलं आहे. ती पोरं दांडा भोकात दाबून बघायची. गेजला जोर लावायचा नसतो, आपल्या वजनानं गेलं तर गेलं, हे त्यांच्या डोक्यात शिरायचंच नाही. सुकेशनीला ते सांगावंही लागलं नाही. सात वर्षांत तिच्या हातून पास झालेला एक तुकडा परत आला नाही. रजिस्टर काढून बघा.

शब्दही तिला मीच दिला. अठ्ठ्याण्णव साली नवं मशीन बसवायला एक गोरा इंजिनियर आला होता. अकरा दिवस माझ्या शेजारी उभा होता. दिवसातून पन्नासदा न बघता हात पुढं करायचा आणि म्हणायचा, "गेज." मी त्याच्या हातावर ठेवायचो. त्या अकरा दिवसांत तो शब्द माझ्या तोंडात बसला. पुढं माझ्या तोंडून आख्ख्या लाईनच्या तोंडात बसला. कागदावर तो कसा लिहितात याच्याशी आमचं काही अडलं नव्हतं.

दोन हिवाळ्यांमागं, मला रिटायर व्हायला चौदा महिने उरले असताना, बातमी आली की परदेशातलं गिऱ्हाईक ऑडिटला येणार. मोठे साहेब म्हणजे आमच्या प्लँटचे मुख्य. त्यांनी सकाळच्या मीटिंगला सगळ्यांसमोर सांगितलं, तपासणीच्या पहिल्या टेबलावरची बाई आपलं काम पाहुण्यांना इंग्रजीत दाखवेल. नीट दाखवलं तर तिला पर्मनंटचं पत्र. पहिलं टेबल सुकेशनीचं होतं.

पर्मनंट म्हणजे काय ते ज्यांची नोकरी कधी हलली नाही त्यांना कळायचं नाही. ठेकेदाराच्या कार्डावर सात वर्षं काढलेल्या बाईला विचारा. दर अकरा महिन्यांनी कार्ड परत घ्यायचं, आठ दिवस घरी बसवायचं, नवीन कार्ड द्यायचं, म्हणजे बाई कायम नवीनच. ताप येऊन दोन दिवस घरी राहिली की टेबल दुसरीला. तिची पोरगी तनुजा आठवीत होती. शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय काय लिहू, हे ती दर वर्षी विचारायची आणि सुकेशनी दर वर्षी म्हणायची, "थांब, पुढच्या साली सांगते." हे तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नव्हतं.

तर इंग्रजी शिकवायला नेमला ऋतुराज. पैठणकडच्या बागायतदार घरातला, सिडकोत वाढलेला, इंग्रजी शाळेतला, वय अठ्ठावीस, क्वालिटी खात्यातला साहेब. शर्टाला तेलाचा डाग लागेल म्हणून मशीनपासून चार हात लांब उभा राहून सूचना देणारा. सगळ्या बायांना 'ताई' म्हणायचा, पण असं म्हणायचा की ती शिवी वाटावी. पाणीसुद्धा आमच्या कूलरचं प्यायचा नाही. केबिनमध्ये बाटल्यांचा खोका ठेवलेला असायचा.

शनिवारी जेवणानंतर कँटीनमध्ये क्लास भरला. मी मागच्या बाकावर होतो. ऋतुराजनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत शब्द लिहिला, जी, ए, यू, जी, ई, आणि विचारलं, "कोण वाचतंय?"

सुकेशनीनं हात वर केला. "गेज, सर."

तो इतका हसला की पुढच्या दोघीतिघी उगाचच हसल्या. "देवकते ताई, यात 'गे' कुठं दिसला तुम्हाला? ए आणि यू आला की काय होतं? ऑटो. ऑगस्ट. सॉस. मग हे काय झालं?" आणि त्यानं फळ्यावर देवनागरीत लिहिलं: गॉज. "म्हणा सगळे."

"पन सर, हितं सगळे गेजच म्हणत्यात," सुकेशनी म्हणाली.

"तेच तर बदलायचंय. ऑगस्टला तुम्ही एगस्ट म्हणता का?"

आता सगळाच वर्ग हसला. सुकेशनीचं तोंड उतरलं. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं असेल, काका उठतील आणि सांगतील की हा शब्द आपल्याकडं कुठून आला. उठलो असतो तर एका मिनिटाचं काम होतं. पण मी विचार केला, चौदा महिने राहिलेत, कशाला त्या पोराच्या तोंडी लागायचं. आणि खरं सांगतो, फळ्यावरची ती पाच अक्षरं बघून मीही चपापलो. म्हटलं, लिहिलंय तर तसंच, आपण अडाणी.

सोमवारी प्रत्येक टेबलावर छापील पोस्टर लागलं. मधे चित्र, खाली इंग्रजी, त्याखाली देवनागरीत 'गो गॉज, नो-गो गॉज' आणि कोपऱ्यात 'तयार करणारा: ऋतुराज'. फोटो काढून आपल्या फोनवरच मोठ्या साहेबांना दाखवला, साहेबांनी नीट न बघताच अंगठा वर केला, म्हणजे तो शब्द आता कायदाच झाला.

एवढ्यावर त्याचं पोट भरलं नाही. वॉटर कूलरशेजारी पांढरा बोर्ड होता, त्यावर त्यानं स्वतःच्या हातानं वर लिहिलं: 'गेजबहाद्दर'. ज्याच्या तोंडून चुकून गेज निघेल त्याचं नाव खाली, आणि दर वेळी एक रेघ, ती ऐकणाऱ्यानं मारायची. पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकानं वाचावं म्हणून. तेही घाईत पर्मनंट मार्करनं लिहिलं, पुसता पुसेना. सात वर्षांत सुकेशनीचं त्या कारखान्यात जे काही पर्मनंट झालं, ते हे असं.

पहिल्या आठवड्यात तिच्या नावापुढं अकरा रेघा झाल्या. कुणाच्या सहा, कुणाच्या चार. मशीनवरची बारकी पोरं येता-जाता ओरडायची, "क्या बहाद्दर, आज कितने?" ती वर न बघता काम करत राहायची. तिचा हात कधी चुकला नाही, पण मी तिला पहिल्यांदाच गेज दाबून बसवताना पाहिलं.

आणि मी? मी तो शब्द बोलणंच सोडून दिलं. 'ते आण गं', 'ते पुसून ठेव', 'ते कपाटात घाल'. तेहतीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं त्या हत्याराला मी 'ते' म्हणायला लागलो. रेघ नको होती मला. या वयात बोर्डावर नाव कशाला?

ऑडिटला तीन दिवस असताना सुकेशनी जेवणाच्या सुट्टीत टूल रूममध्ये आली. दार लोटून घेतलं.

"काका, तनुजानं फोनवर लावून बघितलं. फोनातली बाई गेज म्हन्तीय. धा येळा लावला, धा येळा गेज."

"मग?"

"मग काय? सरांना सांगितलं म्या. ते म्हन्ले, फोन अमेरिकेचा हाय, पाव्हना युरोपचा हाय. तिकडं गॉज म्हन्त्यात." ती माझ्या तोंडाकडं बघत होती. "तुमी तं गोऱ्या मानसाकडून ऐकलंय ना? तुमीच सांगितलं व्हतं. चला ना माझ्यासंगं. येकदा मोठ्या सायबाला सांगा."

मी हातातला पाना पुसत बसलो. तो आधीच पुसलेला होता.

"हे बघ सुकेशनी," मी म्हणालो, "साहेब म्हणतात ते म्हण. ऑडिट होऊ दे. पत्र हातात पडलं की मग काय म्हणायचं ते म्हण."

"व्हय," ती म्हणाली. "पत्र."

आणि गेली. त्या रात्री, नंतर तनुजानं सांगितलं, तिनं भाकऱ्या थापता थापता गॉज, गॉज, गॉज असा घोष लावला होता. शेजारच्या खोलीतली म्हातारी विचारायला आली, पोरीला उचकी लागलीय का.

ऑडिटचा दिवस गुरुवार. पाहुणा पांढऱ्या केसांचा, उंच, वाकून ऐकणारा. सोबत मोठे साहेब, ऋतुराज, आणि टूल रूमचा जुना माणूस म्हणून मी. सुकेशनीनं केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता, सेफ्टी शूज पुसले होते. तिनं गेज उचललं, हिरवं टोक वर धरलं आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग सर. धिस इज गो गॉज."

पाहुणा म्हणाला, "सॉरी?"

"गो गॉज, सर."

"सॉरी?"

तिनं घसा खाकरला आणि शिकवल्याप्रमाणं तोंड मोठं उघडून म्हणाली, "गॉज!"

पाहुण्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यानं तिच्या हाताकडं पाहिलं, बोटं निरखली, आणि काळजीनं विचारलं, "आर यू हर्ट?" इंग्रजीत जखमेवर बांधायच्या पट्टीच्या कापडाला जवळपास तसंच म्हणतात. बाईला लागलंय आणि ती पट्टी मागतेय असं त्या भल्या माणसाला वाटलं. तो वळून मोठ्या साहेबांना विचारायला लागला, फर्स्ट एडची पेटी कुठं आहे.

मोठ्या साहेबांचा चेहरा पडला. आणि मग ऋतुराज पुढं झाला. आयुष्यात पहिल्यांदा मशीनला खेटून उभा राहिला. "शी मीन्स गेज, सर," तो म्हणाला. "गेज. व्हेरी सॉरी. अवर ऑपरेटर्स इंग्लिश, यू नो."

गेज. कसा लोण्यासारखा निघाला त्याच्या तोंडातून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे याला ठाऊक होतं. तिनं तीन दिवस आधी सांगितलं तेव्हाच यानं कुठंतरी तपासून पाहिलं होतं. पोस्टर बदलायची लाज वाटली, बाईला तोंडघशी पाडायची नाही वाटली.

पाहुणा "आह, गेज!" म्हणून हसला. सुकेशनी हसली नाही. तिनं बुश उचलला, हिरवं टोक सोडलं, ते आपल्या वजनानं आत गेलं. लाल सोडलं, ते काठावर थांबलं. पाहुण्यानं मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडं गेला. मी माझ्या बुटांकडं बघत होतो.

शनिवारी आल्या आल्या तिला केबिनमध्ये बोलावलं. पाहुण्यांपुढं गोंधळ झाला, लेखी खुलासा द्या. आणि खुलासा फाईलला लागला की पर्मनंटचा विषय संपला. मोठे साहेब खुर्चीत, बाजूला ऋतुराज. त्या शनिवारच्या क्लासला हजर होतो म्हणून मलाही बोलावलेलं.

"सर, मला गॉज म्हनायला सरांनीच शिकवलं," सुकेशनी म्हणाली. आवाज स्वच्छ होता.

"मी?" ऋतुराजनं फोन पुढं केला. "सर, प्लीज, पोस्टर बघा ना. सगळ्या टेबलांवर हेच आहे." फोटोत तेच चित्र होतं, तोच कोपरा, तेच नाव, आणि शब्द मात्र गेज. शुक्रवारी शिफ्ट सुटायच्या आधी आम्हाला सगळ्यांना दोन तास कँटीनमध्ये कसलासा व्हिडिओ दाखवायला का बसवलं होतं, ते मला तेव्हा कळलं: मागं पोस्टरं बदलली होती.

सुकेशनी त्या फोटोकडं बघत राहिली. मोठे साहेब माझ्याकडं वळले. "मोतीराम, तुम्ही जुने आहात. क्लासला होता ना? काय शिकवलं होतं?"

तेहतीस वर्षांत मला त्या केबिनमध्ये कुणी काही विचारलं नव्हतं. आज विचारलं. आणि मी म्हणालो, "साहेब, मी मागं बसलो होतो. नीट आठवत नाही."

मी हे लिहितोय तेव्हा माझी बायको म्हणते, एवढं कशाला लिहिता, वगळा की. नाही वगळत. लोकांनी वाचलं पाहिजे की माणूस असा पण असतो, पेन्शनीला टेकलेला, पोटभर जेवणारा, आणि एका ओळीचं खरं बोलायला ज्याची जीभ उचलत नाही.

सुकेशनीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती मोठ्या साहेबांना म्हणाली, "सायेब, पानी प्यायचंय."

"या पिऊन."

"तुमीबी चला."

"मी?"

"दोन मिनटं चला, सायेब. नंतर खुलासा लिहून देते, तुमी सांगताल तसा."

ती ज्या आवाजात बोलली त्याला नाही म्हणता आलं नाही. साहेब उठले. ऋतुराज त्यांच्या मागं, मी त्याच्या मागं. लाईनवरच्या माणसांनी हातातली कामं थांबवली. कूलरपाशी आल्यावर तिनं खरंच ग्लास भरला, अर्धा प्यायली, आणि बाजूला झाली. साहेबांसमोर बोर्ड होता.

ऋतुराजनं तो पुसायला सांगितला होता म्हणे. पण शाई निघाली नाही, आणि हा तिकडं एरवी फिरकत नाही, त्यामुळं निघाली की नाही हे बघायलाही गेला नव्हता. वर त्याचं वळणदार अक्षर, गेजबहाद्दर. खाली नावं, रेघा. सुकेशनी, अकरा.

मोठ्या साहेबांनी वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. "हे अक्षर कुणाचं?" त्यांनी विचारलं. ऋतुराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, तेवढं पुरे होतं.

"म्हणजे गेज म्हटल्याबद्दल ही शिक्षा?" साहेब म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "आणि मोतीराम, तुम्ही इतकी वर्षं काय म्हणत होता?"

आता आठवत नाही असं म्हणायची सोय नव्हती. आख्खी लाईन ऐकत होती.

"गेज," मी म्हणालो.

सुकेशनीनं ग्लास उलटा करून ठेवला. मग पहिल्यांदा माझ्याकडं वळली.

"मग तुमचं नाव कुठंय यावर, काका?"

खुलासा मागायचं साहेबांनी तिथंच सोडून दिलं. तिचं पत्र दोन महिन्यांनी निघालं. ऋतुराजला कुणी काही केलं नाही. तो चाकणला गेला, मोठ्या पदावर, आणि तिथं कुणाला काय शिकवत असेल कुणास ठाऊक. सुकेशनी माझ्याशी कामापुरतं बोलायची, 'मोतीराम काका'चं 'मोतीरामजी' झालं होतं. मी एकदा टूल रूममध्ये तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "माल थांबलाय," आणि गेज घेऊन निघून गेली.

माझ्या शेवटच्या दिवशी शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, सगळं झालं. निघताना बाटली भरून घ्यावी म्हणून कूलरपाशी गेलो. बोर्ड तसाच होता. नावांच्या यादीत सगळ्यात खाली नव्यानं एक नाव लिहिलेलं होतं, त्याच मार्करच्या काळ्या शाईत, तपासणीच्या रजिस्टरमध्ये सात वर्षं बघितलेल्या सुकेशनीच्या अक्षरात. मोतीराम. पुढं रेघ एकही नव्हती.